तीस किलोत काय काय मावतं

चादरीचं वजन पावणेदोन किलो. मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण तेहतीस वर्षं चादरीच्या कारखान्यातच काढली. पण ह्या पावणेदोन किलोंवरून घरात महिनाभर धुसफूस चालेल, हे काही ध्यानात आलं नव्हतं.

धाकटी लेक लग्न करून इंग्लंडला गेली त्याला सहा वर्षं झाली. मँचेस्टरजवळ बोल्टन म्हणून गाव आहे, तिथं असते. नात तीन वर्षांची. ती आम्हाला फोनमध्ये राहणारी माणसं समजते. मागच्या दिवाळीत बोलता बोलता लेकीच्या फोनची बॅटरी संपत आली, तेव्हा ही पोर आईला म्हणाली, "आजी-अप्पांना चार्जिंगला लाव." आम्ही दोघं खूप हसलो. रात्री मात्र हिनं दिवा घालवता घालवता सांगितलं, "अवो, मला जायचंय. गुडघे चालतायत तोवर."

म्हणजे पासपोर्टापासून सुरुवात. पूर्वी त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागायचे, आता सोलापुरात पोस्टातच केंद्र झालंय. माझा झाला बिनबोभाट. पोलीस पडताळणीला आलेला हवालदार आमच्या कारखान्यातल्या एका मागवाल्याचा पोरगा निघाला, चहा पिऊन, बापाची साखर किती वाढलीय ते सांगून गेला. हिचा मात्र अडकला. शाळेच्या दाखल्यावर नुसतं नाव, आधारवर नावाला चिकटून 'बाई'. माहेरी मंगळवेढ्याकडं 'बाई' लावल्याशिवाय बाईमाणसाचं नाव घेत नाहीत, त्याला आम्ही काय करणार? त्या एका 'बाई'नं आमचे दोन महिने आणि दोन प्रतिज्ञापत्रं खाल्ली. मुलीबाळींच्या कागदांवर नावं नीट बघून घ्या रे बाबांनो, एवढं ह्या निमित्तानं सांगतो.

व्हिसाचा फॉर्म लेकीनंच तिकडून ऑनलाइन भरला, आम्ही फोनवर उत्तरं देत बसलो. आधी नाव-गाव-पगार विचारतात आणि मग एकदम, तुम्ही कधी दहशतवादी कारवायांत होता का, युद्धगुन्हे केलेत का? ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही म्हणून लिव्ह."

पाहुणा म्हणून जायचा जो व्हिसा असतो त्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. आम्ही सहा आठवडेच मागितले. पण सगळ्या कागदांचा सूर एकच, की तुम्ही परत येणार हे दाखवा. बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, घराचा सिटी सर्व्हेचा उतारा, पेन्शनचा कागद. माझी भविष्यनिर्वाहची पेन्शन दोन हजारांच्या आतली. एका पौंडाला शंभरावर रुपये लागतात हे कळल्यावर मी ती मनातल्या मनात पौंडात करून पाहिली आणि कागद पालथा घातला. शेवटी लेकीनं आणि जावयानं खर्च आम्ही करतो म्हणून पत्र दिलं. परत येणार ह्याचा खरा पुरावा माझ्यापाशी वेगळाच होता, पण तो कुठल्या रकान्यात बसेना. सोलापूर सोडून मी कधी आठ दिवसांवर राहिलेलोच नाही.

बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं होतं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. डब्यात बसल्यावर माझी ट्यूब पेटली. गाडीचं नाव हुतात्मा. 1930 च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजांचा अंमल काही दिवस उठवून लावला, मग लष्कर आलं, मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात आपल्या चौघांना फाशी दिलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. त्यांच्या नावाच्या गाडीत बसून आम्ही इंग्लंडचा व्हिसा आणायला चाललो होतो, तेही पुण्यालाच. आमच्या आजोबांना त्या मार्शल लॉमध्ये टोपीवरून हटकलं होतं. गांधी टोपी घातली तरी शिक्षा व्हायची तेव्हा. आजीनं ती टोपी ज्वारीच्या कणगीत पुरली आणि पुढं कितीतरी दिवस ती वर काढायची कुणाची छाती झाली नाही. मी हे हिला सांगायला लागलो तर म्हणाली, "आता तिथं जाऊन हे सांगत बसू नगा, व्हिसा देणार नाहीत."

तिथं माझे ठसे उमटले, हिचे उमटेनात. चाळीस वर्षं भाकरी थापून बोटांवरच्या रेघा पुसट झालेल्या. काचेवर बोट ठेवायचं, दाबायचं, पुसायचं, परत ठेवायचं. काउंटरवरच्या मुलीनं ओला कागद दिला, हात चोळायला सांगितलं. सहाव्या-सातव्या वेळेला कसं तरी झालं. परतीच्या गाडीत ही आपल्या तळव्याकडंच बघत होती. म्हणाली, "माझा कुणी चोरीत हात धरला तर सापडायची नाही मी."

तीन आठवड्यांत पासपोर्ट परत आले, आत व्हिसा चिकटवलेला. गल्लीत बातमी फुटली. कट्ट्यावरचे एक ऐंशीचे काका लांबूनच ओरडले, "काय, मार्शल लॉचा हिशेब करायला चाललाव का?"

आता बॅगा. माणशी तीस किलो सामान आणि हातात सात किलो. दोघांचे मिळून साठ म्हणजे कागदावर फार वाटतात. हिनं पहिल्याच दिवशी मांडलं ते असं: शेंगाचटणी तीन किलो, कडक भाकरी साठ, काळा मसाला, सांडगे, कुरडया, नातीला झबली-टोपडी (ती आता तीन वर्षांची आहे हे हिला पटतच नाही), दोन किलो घरचं तूप आणि पेढे.

कडक भाकरी ही परदेशी जायला केलेलीच वस्तू आहे असं माझं ठाम मत आहे. मालदांडी ज्वारीची, पापडासारखी पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग वाळवून कडक केलेली. वजन नाही, महिना-महिना टिकते, कुठल्याही देशात दह्यात कुस्करली की सोलापूर. अडचण एकच, मोडते. आणि मोडलेली कडक भाकरी लेकीला द्यायची म्हणजे हिच्या लेखी नाक कापल्यासारखं.

तुपावरून गाडं अडलं. लेकीनं फोनवर बजावलं, आई, दूध-मांसाचं काहीसुद्धा आणायचं नाही, भारतातून येणाऱ्या माणसाला बंदी आहे. तूप, पेढे, बासुंदीची पावडर, काही नाही. ताजा पाला, भाज्यांनासुद्धा सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं परड्यातला कढीपत्ताही बाद. हिला राग आला. "माझ्या तुपात काय रोग आहे का?" दोन दिवस तुपाचा डबा बॅगेजवळून हलला नाही. मग मी जरा वाचून काढलं आणि सांगितलं की 2001 साली तिकडं लाळ्या-खुरकुताची साथ आली होती, रोग पसरू नये म्हणून साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. मेंढरं जास्ती. तेव्हापासून ते असल्या बाबतीत फार कडक आहेत.

ही गप्पच झाली. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याची पोर. लाळ्या-खुरकूत म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायला नको. तिच्या लहानपणी गोठ्यातल्या बैलजोडीतला एक त्यातच कायमचा अधू झाला होता. उठली, डबा उचलला आणि शेजारच्या बाळंतिणीला देऊन आली. पुन्हा विषय नाही. मला वाटतं, नियमाच्या जागी कारण सांगितलं तर आपली माणसं बरंच ऐकतात, पण ते सांगायची कुणाला सवय नाही.

चादरीचं कारण मात्र मला सांगता येत नव्हतं.

लेक म्हणाली, अप्पा, इथं कुणी चादर घेत नाही, जाड दुलई असते. ही म्हणाली, पावणेदोन किलोत आणखी किती चटणी बसली असती. जावई मोठ्या मनाचा, तो म्हणाला, आणू द्या ना. पण त्याला विचारलं कुणी?

त्याचं असं आहे. वडील मिलमध्ये साचेवाले होते. साचा म्हणजे माग. मी शाळेत असताना दुपारचा डबा पोचवायला जायचो. साच्याच्या कडेला लोखंडात ओतलेली इंग्रजी अक्षरं होती. पाचवीत एबीसीडी आल्यावर मी ती एकेक करून लावली: ब्लॅकबर्न. ब्लॅक म्हणजे काळा, बर्न म्हणजे जळणे, एवढं येत होतं. वडलांना विचारलं, हे काय? आडवा धागा नेणाऱ्या धोट्यांच्या खडखडाटात ते कानाशी ओरडले, "गाव हाय. साचा तिथनं आलाय." त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात इंग्लंड म्हणजे एक जळून काळं पडलेलं गाव होतं, जिथं साचे पिकतात.

लेक बोल्टनला राहायला गेली तेव्हा नकाशा उघडून बसलो आणि गंमत वाटली. ब्लॅकबर्न तिच्या घरापासून रेल्वेनं अर्ध्या तासावर. बोल्टनच्याच सॅम्युअल क्रॉम्प्टननं 1779 मध्ये सूत कातायचं 'म्यूल' यंत्र काढलं. शेजारच्या 'बरी' नावाच्या गावचा जॉन के, त्यानं 1733 मध्ये उडता धोटा काढला, ज्याच्यावर माझ्या बापानं आयुष्य काढलं. आणि वर बर्नलीला क्वीन स्ट्रीट मिल म्हणून वाफेवर चालणारी जुनी मिल आहे. ती 1982 मध्ये बंद पडली, आता तिचं संग्रहालय केलंय. शेडमध्ये तीनशेच्या आसपास साचे आहेत आणि ते चालवणाऱ्या वाफेच्या इंजिनाचं नाव 'पीस', म्हणजे शांतता. ज्यांनी मिलची शेड ऐकलीय त्यांनी हसून घ्यावं. आमच्याकडची जुनी मिल 1877 ची, तिची जागा आता दाखवायला लागते. त्यांनी आपली मिल राखून ठेवलीय. लेक म्हणते, उन्हाळ्यात ठरावीक दिवशी उघडी असते, नेते तुम्हाला. सहा वर्षं ती तिथं राहतेय आणि हे तिला माझ्याकडून कळलं.

तर अशा गावाला जाताना चादर न्यायची नाही? कोपऱ्यात कंपनीचं नाव विणलेली, नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावरची, सोलापुरी. त्यातही मला नवी नको होती. पेटीच्या तळाला 1994 सालची एक घडी होती, डांबरगोळ्यांसकट जपलेली. मीच ग्राफ काढलेली. समोरासमोर दोन मोर, मध्ये कुंडी. आमच्या धंद्यात ग्राफवाला चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवतो, त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात, भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. एका मोराला पाचपाचशे पुठ्ठे. ही घडी मी कधी उलगडू दिली नव्हती.

बॅगा जोखायला साखर पेठेत दोस्ताच्या सुताच्या गोडाऊनला नेल्या. तिथला काटा ग्रॅमपर्यंत दाखवतो. दोस्तानं बॅग ठेवली, आकडा बघितला, म्हणाला, "काय बे, इंग्रजांना सगळं परत करायला चाललायस का?" मग तिथंच सुताच्या पोत्यांवर बसून दोघं बॅगा उपसायला लागलो. झबली निघाली. लोखंडी तवा निघाला (तो आत कधी गेला मला माहीत नव्हतं). चादरीवर हात पडला तसा मी म्हटलं, ते नाही. दोस्तानंच युक्ती काढली. चादरीच्या घड्या न मोडता जरा सैल केल्या, साठ भाकऱ्या चार थप्प्या करून एकेका घडीत घातल्या, वर दोरी बांधली. भाकरी मोडत नाही आणि चादर फुकटची जागा खात नाही. काटा एकोणतीस किलो नऊशे. हिला फोन करून सांगितलं, तुझ्या भाकऱ्यांची काळजी मिटली, चादरीत ठेवल्यात. पलीकडं थोडा वेळ आवाज नाही. मग "बरं."

स्वेटरचा एक किस्सा राहिला. मे महिना, सोलापुरात पारा 43 ला टेकलेला आणि बोल्टनला दिवसा पंधरा-सोळा. नवी पेठ पालथी घातली, कुठं स्वेटर मिळेना. एका दुकानदारानं तर मला पाणी दिलं आणि बसा म्हणाला. शेवटी नात्यागोत्यातून दोन हिला, एक मला असे गोळा केले.

निघायच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वराला गेलो. तळ्याचं पाणी बरंच खाली गेलेलं, दुपारची शांतता. हिनं डोळे मिटून पुटपुटत बराच वेळ काढला. बाहेर आल्यावर कळलं, नीट परत आलो तर गावभर पसरलेल्या 68 लिंगांचं दर्शन घेईन असं बोलून आलीय. "दोघं मिळून," म्हणाली. म्हणजे गुडघ्यांची तक्रार इंग्लंडपुरतीच होती.

संध्याकाळी लेकीनं फोनवर तोंडी परीक्षा घेतली. विमानतळावर साहेब विचारेल, किती दिवस राहणार? ही: "सिक्स वीक." कुठं? "डॉटर हाउस." कशासाठी आलात? इथं ही अडली. मग म्हणाली, "ग्रँडडॉटर चार्जिंग." लेकीला हसू आवरेना. मी सांगितलं, हेच उत्तर दे, लगेच आत सोडतील.

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस. स्टेशनवर पंधरा माणसं पोचवायला. प्रत्येकाच्या हातात काहीतरी, आणि प्रत्येकाला सांगायचं की वजन झालंय. एका भाचीनं तरीही चटणीची पुडी माझ्या शर्टाच्या खिशात कोंबलीच. गाडी हलली तशी ही खिडकीशी गेली, हात जोडले, आणि कुर्डूवाडी येईपर्यंत बोलली नाही. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, "गॅसचं बटण बंद केलंय का आठवतंय." केलं होतं, दोनदा बघितलं होतं मी.

सकाळी दादरला उतरलो, टॅक्सी करून विमानतळ. इतकं थंडगार की हिनं दोन्ही स्वेटर तिथंच चढवले. काउंटरवर माझी बॅग ठेवली आणि आकडा आला एकतीस दोनशे. सुताच्या गोडाऊनचा काटा आणि विमानाचा काटा, तेराशे ग्रॅमचा फरक. दोस्ताला हे अजून सांगितलेलं नाही, त्याच्या धंद्याचा प्रश्न आहे. काउंटरवरची मुलगी मराठी होती. म्हणाली, "काका, एखादी जड वस्तू काढून हातात घ्या ना."

मी हिच्याकडं बघितलं. हिनं दुसरीकडं बघितलं.

लोकांच्या रांगेसमोर बॅग उघडली, चादरीची दोरी सोडली आणि साठ भाकऱ्या जमिनीवर थप्प्या लावून मांडल्या. मागचा एक पोरगा म्हणाला, "अंकल, पापड?" भाकऱ्या हिच्या कपड्यांत गेल्या, काही हातातल्या पिशवीत, आणि चादर माझ्या खांद्यावर. अंगावरचं कुणी जोखत नाही. पुढं तपासणीत पिशवी मशिनमधून गेली तर पडद्यावर नुसती वर्तुळं. तिथल्या जवानानं एक भाकरी बाहेर काढली, बोटानं वाजवून बघितली, टणटण आवाज आला. "ये क्या है?" हिनं सांगितलं, "भाकरी." त्यानं परत वाजवली, वास घेतला आणि जपून जागेवर ठेवली.

आखातात विमान बदललं ते रात्रीचं होतं. दुसऱ्या विमानात गारठा आणखी. कंपनीनं पातळ पांघरूण दिलं होतं, रुमालाचं मोठं भावंड म्हणा. ही स्वेटरांवरूनही कुडकुडायला लागली. मी काही बोललो नाही. तिनंच माझ्या मांडीवरची चादर ओढली, घडी मोडली आणि दोघांच्या अंगावर टाकली. 1994 नंतर ती पहिल्यांदा पूर्ण उलगडली. डांबरगोळीचा वास आला तसा पलीकडच्या गोऱ्या बाईनं नाक हलवलं.

आतले दिवे मंद झाले. मला वाटलं ही झोपली. पण वाचायचा छोटा दिवा लावून ती मोरावरून बोट फिरवत होती. एकावरून, मग दुसऱ्यावरून. परत पहिल्यावर आली.

"अवो. ह्याला डोळा नाही."

मग सांगावंच लागलं. एका पुठ्ठ्यात चार भोकं पाडायची राहिली. ग्राफवर होती ती, पण तपासायचं काम माझं, आणि मी तपासलं नाही. थोरलीला त्या आठवड्यात टायफॉइड झाला होता. चारशे चादरी डावीकडच्या आंधळ्या मोरासकट बाजारात गेल्या. एकाही गिऱ्हाइकानं परत आणली नाही. मालकानं मात्र आठवडाभर माझं तोंड पाहिलं नाही. त्यातलीच एक मी पगारातून पैसे कापून घेऊन घरी आणली. तेहतीस वर्षांत किती मोर काढले असतील, कुठले माझे, कुठले दुसऱ्याचे, आता बाजारात बघून मलाही सांगता येणार नाही. ही चादर सांगता येते.

"आणि ही तुम्ही लेकीला द्यायला चाललाव?"

"हो."

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली, दिवा बंद केला. थोड्या वेळानं अंधारातून आवाज आला, "आपण होऊन सांगू नगा तिला. बघू किती दिवसांनी दिसतंय."